कोंबडीच्या पिलांचे खाद्य

कोंबडीच्या पिलांचे खाद्य : अंड्यातून बाहेर पडल्यापासून सु. आठ आठवड्यांपर्यंतच्या पिलांना देण्यात येणारे संतुलित खाद्य. नवजात पिलाच्या उदरात बलकाचा काही अंश शिल्लक असतो व त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. यामुळेच एक दिवसाची पिले दूरवर पाठविता येतात. तथापि खाद्य व पाणी लवकर मिळाल्यास आतड्यांची वाढ चांगली होते.

अंड्यांसाठी पाळावयाच्या पिलांच्या खाद्यात सु. २० टक्के, तर जलद वाढणाऱ्या मांसल पिलांच्या खाद्यात २२ ते २३ टक्के प्रथिने असावी लागतात. मक्यापासून ऊर्जा मिळते. परंतु त्यातील प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल अपुरे असल्याने सोयाबीनच्या पेंडीची जोड देतात. या पेंडीत मिथिओनीन कमी असते, म्हणून ते वेगळे मिसळतात. नुसत्या कणीवर वा भरड्यावर वाढविलेली पिले पोट भरूनही खुरटी राहतात, ती यामुळेच.

पिलांना सु. १ टक्का कॅल्शियम पुरते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात ते ३ टक्क्यांहून अधिक असते. असे खाद्य पिलांना दिल्यास त्यांची मूत्रपिंडे बिघडून ती दगावण्याचा संभव असतो. ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुडदूस होतो, तर रिबोफ्लाविनाच्या अभावी पायांची बोटे आत वळतात. कोंडा काढलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना पक्षाघातासारखा विकार होतो, असे क्रिस्तीआन आइकमान यांना १८९०–१९०० या दशकात जावा बेटात आढळले. या निरीक्षणातून पुढे थायामिनाचा शोध लागला.

खाद्य ताजे, कोरडे व कुबट वासरहित असावे. दमट पेंडीत व मक्यात वाढणाऱ्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तयार होते. इंग्लंडमध्ये १९६० साली भुईमुगाच्या अशा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले. हे विष साध्या उष्णतेने नष्ट होत नसल्याने बुरसलेले खाद्य वाळवून वापरणेही धोक्याचे असते.

रक्ती हगवणीच्या प्रतिबंधासाठी काही खाद्यांत अँप्रोलियमासारखी औषधे मिसळलेली असतात. परंतु या रोगाची जिवंत लस दिलेल्या पिलांना अशी खाद्ये देत नाहीत, कारण त्यांमुळे लस निष्प्रभ होते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू माणसांत पसरू नयेत म्हणून कोलिस्टीन या प्रतिजैविकाच्या पशुखाद्यातील वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.