तुकोबांच्या वाटेने येशूकडे

टिळक म्हटलं की गिरगावकरांना चौपाटीवरचा पुतळा आठवणार, साहजिकच. पण आज दुसऱ्या टिळकांविषयी. रेव्हरंड नारायण वामन टिळक! जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल हातात ठेवलं. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला तरी भक्तीची तऱ्हा तीच राहिली, आणि मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं. तोवर मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी परदेशी चालींवरची, भाषांतरित. टिळकांनी येशूला थेट अभंगात आळवलं. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, अगदी तुकोबांचा साचा. येशू त्यांच्यासाठी नुसता प्रभू नव्हता, गुरू आणि माउलीही होता. तिच्याशी ते लेकरासारखे बोलायचे, प्रसंगी हट्टही करायचे. शिवाय टाळ-मृदंगावरचं ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी रंगवलं.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र अपुरं राहिलं. ९ मे १९१९ला मुंबईतच टिळक गेले. पुढे ते महाकाव्य पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचं रीतसर शिक्षण नव्हतं!

टिळकांची गीतं मराठी उपासनेत आजही गातात. गिरगाव-दादरकडच्या एखाद्या चर्चमध्ये मराठी उपासना असेल तर जरूर ऐका. वाचायचं असेल तर आधी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, ‘ख्रिस्तायन’ नंतर.