चिनूक: नाव एक, धनी अनेक

भारतीय हवाई दलात २०१९मध्ये दाखल झालेलं दोन मोठ्या पंख्यांचं चिनूक हेलिकॉप्टर आपल्या ओळखीचं. पण हे नाव मुळात माणसांचं. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणारे चिनूक लोक मासेमारीत आणि व्यापारात तरबेज. त्यांच्या बोलीत इतर भाषांचे शब्द मिसळून ‘चिनूक वावा’ ही बाजारभाषा घडली. तिथल्या सर्वांत मोठ्या सॅमन माशालाही त्यांचंच नाव. रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून खाली येताना दाबाने तापणारा कोरडा वाराही चिनूकच! २२ जानेवारी १९४३ रोजी स्पिअरफिश गावात त्याने दोन मिनिटांत पारा उणे २० अंशांवरून ७ अंशांवर नेला. नाव असं आभाळापर्यंत पोहोचलं. मूळ चिनूकांना मात्र २००१मध्ये मिळालेली केंद्र सरकारची मान्यता पुढच्याच वर्षी काढून घेतली गेली.