विंदाय, देबाल आणि लाल बाटली

गेल्या सुट्टीत आम्ही सिंगापूरला गेलो होतो. तेथे कातोंग भागात, सिलोन रोडवर, श्री सेनपग विनायकाचे देऊळ आहे. सकाळी गणपतीचे दर्शन घेतले आणि दुपारी जवळच एका युरेशियन बाईंकडे जेवायला गेलो. बाई आमच्यासारख्याच शिक्षिका, आता निवृत्त. त्यांचे पूर्वज मलाक्क्याचे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्या संबंधातून झालेले हे लोक, आणि क्रिस्तांग ही त्यांची बोली.

टेबलावर लाल वाइनची बाटली होती, पोर्तुगालच्या दाओं भागातली, तूरिगा नासिओनाल जातीच्या द्राक्षांची. खरे सांगतो, आमचा हात पुढे होईना. आमचे आजोबा ऊसमळ्यात कामाला. पगार झाला की रम. त्या रमपायी आजीच्या चांदीच्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून आमच्या घरी बाटलीचे नाव काढलेले आईला खपत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी गोष्ट असेलच.

बाई म्हणाल्या, “टीचर, ही जेवणाबरोबर घोटघोट घ्यायची. नको असेल तर राहू द्या.” आम्ही अर्धा पेला घेतला.

बाटली त्यांनी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली होती. लाल वाइन खोलीच्या उष्णतेला प्यावी असे म्हणतात, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एका अंशावर!

वास फुलांचा, पण चव अगदी कोरडी. जांभळे खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तशी आवळली. द्राक्षाच्या साली-बियांतल्या टॅनिनचा हा गुण. कडक चहातही तेच असते.

मग देबाल आली. नाताळच्या उरलेल्या मांसाची दुसऱ्या दिवशी करतात ती ही आमटी, पण बाईंनी आमच्यासाठी मुद्दाम ताजी कोंबडी घालून केली होती. एक घास, वर एक घोट, आणि तोंडाला आग लागली! दारूने मिरची अधिक झोंबते आणि मिरचीने वाइन अधिक तुरट लागते. बाई हसल्या आणि त्यांनी पांग सुसी पुढे केली. रताळे घालून मळलेला मऊ पाव, आत खिमा. (त्यांचा ‘पांग’ आणि आपला ‘पाव’ एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे.) त्याबरोबर मात्र तीच वाइन गोडीला आली. मांसातल्या प्रथिनांनी आणि चरबीने तुरटपणा निवतो.

पण आमचे लक्ष देबालमध्येच अडकले होते. मोहरी, व्हिनेगर, लसूण... ही चव ओळखीची! आपली मॉरिशसची विंदाय! पोर्तुगीज खलाशी मांस टिकावे म्हणून वाइन आणि लसणात मुरवत. त्याला ‘विन्या द आल्यूश’ म्हणत. गोव्यात वाइनच्या जागी माडाचे व्हिनेगर आले आणि विंदालू झाले. आपल्याकडे मासळी आली, हळद आली आणि विंदाय झाली. म्हणजे जी बाटली आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, ती नावाने तिच्याच पातेल्यात बसली आहे.

बाईंची आजी क्रिस्तांग बोलत असे. बाईंकडे पदार्थांची नावे आणि दोन-चार प्रार्थना उरल्या आहेत. २०१६ पासून सिंगापूरमध्ये ‘कोद्रा क्रिस्तांग’, म्हणजे ‘जागी हो क्रिस्तांग’, या नावाने वर्ग निघाले. बाई साठी उलटल्यावर तेथे जाऊन बसल्या. हे ऐकताना आम्ही खाली पाहत होतो. आमच्या घरीही मराठी आरतीपुरती आणि स्वयंपाकघरापुरती राहिली आहे, आणि आम्ही तर ती शाळेत शिकवतो!

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले, अर्ध्या पेल्यासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, “त्या पावात रताळे किती घालायचे?” ते लिहून घ्यायचे राहूनच गेले होते. बाईंना पत्र टाकले आहे.