लग्नाचा मुहूर्त नगरला, अर्ज अमेरिकेत

पत्रिका छापून झाल्या आहेत. सावेडीतील मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम पोहोचली आहे, आचारी ठरला आहे. मुलाने अमेरिकेत तेथील नागरिक असलेल्या मुलीशी सहा महिन्यांपूर्वी नोंदणी पद्धतीने विवाह केला आहे. आता घरच्यांच्या समाधानासाठी नगरला विधिवत लग्न व्हायचे आहे. विमानाची तिकिटे काढायला बसल्यावर कोणीतरी विचारते, ‘ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना देश सोडता येतो का?’ अहिल्यानगर जिल्ह्यातील, पूर्वीच्या अहमदनगरमधील, ज्या घरांतील मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेली, त्यांच्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न उभा राहतो. दुर्दैवाने तो बहुतेकदा तिकिटे काढल्यानंतर विचारला जातो.

उत्तर थोडक्यात असे की, पूर्वपरवानगी हाती नसताना अर्जदाराने अमेरिका सोडली, तर त्याने आपला अर्ज स्वतःहून सोडून दिला असे तेथील नियम मानतात. प्रवास दोन दिवसांचा होता की दोन महिन्यांचा, कारण आनंदाचे होते की दुःखाचे, याने फरक पडत नाही. अर्ज नाकारला जात नाही, तो ‘त्यागलेला’ ठरतो. आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही.

येथे दोन अर्जांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण घरोघरी होणाऱ्या चर्चेत तो हमखास हरवतो. आय-१३० हा अर्ज अमेरिकी नागरिक असलेला जोडीदार करतो. ‘आमचा विवाह खरा आहे’ एवढेच त्यातून सिद्ध करायचे असते. आय-४८५ हा अर्ज परदेशी जोडीदाराचा स्वतःचा असतो आणि अमेरिकेत राहूनच कायम वास्तव्याचा दर्जा मिळावा, अशी मागणी त्यात असते. देश सोडल्याने जातो तो दुसरा अर्ज. पहिला शाबूत राहतो. त्याच्या आधारे मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासातून स्थलांतरित व्हिसा मिळवता येतो. पण तोवर जोडीदार एका खंडात आणि अर्जदार दुसऱ्या खंडात, अशी ताटातूट कित्येक महिने सोसावी लागते. वाग्दत्त वधू वा वराच्या व्हिसावर, म्हणजे के-१ व्हिसावर, जाऊन तेथे लग्न केलेल्यांची स्थिती याहून बिकट असते. त्यांच्या बाबतीत आय-१३० अर्ज सहसा केलेलाच नसतो. परवानगीवाचून बाहेर पडले की सारे नव्याने सुरू करावे लागते.

ही पूर्वपरवानगी ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव मराठी कानाला विचित्र वाटते: ‘अॅडव्हान्स पॅरोल’. पॅरोल म्हटले की आपल्याला येरवड्याच्या कारागृहातून काही दिवसांसाठी बाहेर आलेला कैदी आठवतो. येथील अर्थ निराळा असला, तरी शब्द अगदीच अस्थानी नाही. व्हिसावर येणाऱ्याला कायद्याच्या भाषेत ‘प्रवेश’ दिला जातो. पॅरोलवर परतणाऱ्याला तसा प्रवेश न देता, अर्जाचा निकाल लागेपर्यंत आत येऊ दिले जाते. परवानगीचा कागद परतीची हमी देत नाही, हे त्यावरच नमूद असते. विमानतळावरील अधिकारी अर्जदाराला बाजूच्या खोलीत बसवून कागद पुन्हा तपासू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत ही तपासणी सुरळीत पार पडते. मात्र ती होणार, हे गृहीत धरूनच पुढच्या विमानाची वेळ ठरवावी.

परवानगीसाठी आय-१३१ हा अर्ज करावा लागतो. पूर्वी आय-४८५ सोबत तो दिल्यास वेगळे शुल्क पडत नसे. १ एप्रिल २०२४ पासून ही सवलत संपली. मूळ अर्जाचे प्रौढांसाठीचे शुल्क १,४४० डॉलर झाले आणि प्रवास परवानगीसाठी आणखी ६३० डॉलर मोजावे लागू लागले. तेव्हापासून ‘सध्या कुठे जायचे नाही, मग कशाला’ असा विचार करून अनेक जण तो अर्जच करत नाहीत. काटकसर म्हणून हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्यांचे आई-वडील सत्तरी ओलांडून गावी राहतात, त्यांच्यासाठी ही काटकसर महाग पडू शकते. परवानगी यायला कित्येक महिने लागू शकतात. शिवाय परवानगीचा अर्ज करून, ती येण्यापूर्वीच विमानात बसणाऱ्याचा तोही अर्ज बाद होतो. कागद येईल तेव्हा भाऊ कुरिअरने पाठवील, ही योजना चालत नाही. निघताना तो हातात हवा आणि परततानाही त्याची मुदत शिल्लक हवी.

‘आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तर अर्ज चालू असताना येऊन गेला’ असे येथे कोणी ना कोणी सांगतेच, आणि ते खोटे नसते. एच-१बी वा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना, तसेच त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व एल-२ धारकांना नियमात सवलत आहे. दर्जा कायम असेल, व्हिसा वैध असेल आणि नोकरी करणारा त्याच मालकाकडे परतणार असेल, तर अॅडव्हान्स पॅरोलवाचूनही अर्ज टिकतो. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाला ही सवलत नाही. पर्यटक व्हिसालाही नाही. एकाच गावातील दोन मुलांना, एकाच वर्षी, एकाच प्रश्नाची दोन उलट उत्तरे मिळतात ती यामुळे.

या सवलतीलाही अलीकडे धार आली आहे. पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर एच-१बी धारकाला भारतात येऊन नवा शिक्का घ्यावा लागतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू झाली आणि भारतातील मुलाखतींच्या ठरलेल्या तारखा एकाएकी कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांच्या रजेवर आलेली माणसे येथेच अडकली. ज्यांच्याजवळ अॅडव्हान्स पॅरोल होता, त्यांना शिक्क्याची वाट न पाहता परतण्याचा मार्ग मोकळा होता. सवलत असूनही अनेक वकील परवानगी घेऊन ठेवायला सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे.

लग्नाचा मुहूर्त पुढे ढकलता येतो. मृत्यूचे तसे नाही. नेवासे तालुक्यात, प्रवरा आणि गोदावरी जेथे मिळतात त्या प्रवरासंगमाच्या घाटावर दशक्रिया विधी व्हायचा असेल, तर थोरल्या मुलाच्या हाती दहाच दिवस असतात. अशा प्रसंगासाठी तातडीच्या परवानगीची सोय आहे. अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाशी दूरध्वनीने संपर्क साधून स्थानिक कार्यालयात भेटीची वेळ मागायची आणि भरलेला आय-१३१, शुल्क, छायाचित्रे व पुरावे घेऊन जायचे. निर्णय सर्वस्वी अधिकाऱ्याचा असतो. कधी त्याच दिवशी कागद मिळतो, कधी मिळत नाही.

पुरावा काय द्यायचा, येथे नगरच्या घरच्यांचे काम सुरू होते, आणि गडबडीत ते बिघडतेही. ‘आई फार आजारी आहे, लवकर ये’ हा मोबाईलवरचा संदेश पुरावा ठरत नाही. रुग्णालयाच्या छापील पत्रावर रुग्णाचे पूर्ण नाव, आजार, दाखल केल्याची तारीख, प्रकृतीचे गांभीर्य, डॉक्टरांचे नाव, सही आणि संपर्क क्रमांक हवा. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला; तो मिळायला वेळ लागणार असेल तर तोवर रुग्णालयाचे पत्र. दाखला केवळ मराठीत असेल, तर सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते. नातेही सिद्ध करावे लागते. अर्जदाराच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव ‘शकुंतला’ आणि रुग्णालयाच्या पत्रावर घरातले ‘शकुबाई’, असा प्रकार आपल्याकडे नवलाचा नाही. साता समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन बायका वाटतात. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची जुनी चाल ज्या घरांत टिकून आहे, तेथे घोळ आणखी वाढतो.

आता त्यात जिल्ह्याच्या नावाची भर पडली आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. मुलाचा जन्मदाखला जुन्या नावाचा, वडिलांचा मृत्यूदाखला नव्या नावाचा. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडले, तर हा प्रश्न उद्भवण्याआधीच मिटतो.

नगरला होणाऱ्या विधिवत लग्नाबाबतही एक सावधगिरी हवी. अमेरिकेत विवाहाची नोंदणी आधीच झालेली असताना, केवळ येथे सोहळा झाला म्हणून महापालिकेत किंवा ग्रामसेवकाकडे पुन्हा नोंदणी करून दुसरे प्रमाणपत्र घेतले, तर एकाच विवाहाच्या दोन तारखा कागदावर येतात. ज्या अधिकाऱ्याचे कामच खोटे विवाह शोधून काढण्याचे आहे, त्याच्यापुढे अशी विसंगती आपण होऊन का ठेवावी?

सर्वांत गंभीर धोका आहे तो व्हिसाची मुदत उलटून गेल्यावरही अमेरिकेत राहिलेल्यांना. रीतसर तपासणी होऊन देशात आलेल्या आणि नंतर मुदत ओलांडलेल्या व्यक्तीला, जोडीदार अमेरिकी नागरिक असल्यास, तेथेच राहून ग्रीन कार्ड मागता येते. मात्र १९९६ च्या कायद्याने बेकायदा वास्तव्यासाठी शिक्षा ठेवली आहे आणि ती देश सोडल्यावर लागू होते: १८० दिवसांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी वास्तव्य असेल तर तीन वर्षे, एक वर्ष वा अधिक असेल तर दहा वर्षे पुनःप्रवेश बंद. म्हणजे आत राहिले तर मार्ग खुला आणि बाहेर पडले तर दार बंद, असा हा पेच आहे.

परवानगी घेऊन बाहेर पडणाऱ्यालाही ही बंदी लागू होते का, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. तो सुटला एका भारतीय दाम्पत्याच्या प्रकरणात. अराबल्ली व येराबेल्ली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणातील पती-पत्नी, ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना, अॅडव्हान्स पॅरोल घेऊन भारतातील वृद्ध आई-वडिलांना भेटायला आले होते आणि परतले होते. पुढे त्यांच्यापुढे दहा वर्षांची बंदी उभी राहिली. एप्रिल २०१२ मध्ये स्थलांतरविषयक अपील मंडळाने निर्णय दिला की, सरकारनेच परवानगी देऊन पाठवलेल्या माणसाचे जाणे हे त्या कलमाच्या अर्थाने ‘देश सोडणे’ ठरत नाही. त्यांचा अर्ज नोकरीवर आधारित होता, विवाहावर नव्हे. तरीही हे तत्त्व विवाहावर आधारित अर्जांनाही लागू पडले. असे असले तरी मुदत उलटलेल्यांनी, पूर्वी गुन्हा नोंदला गेलेल्यांनी किंवा हद्दपारीचा आदेश असलेल्यांनी वकिलाला विचारल्यावाचून विमानतळाकडे फिरकू नये. विवाहाचा अर्ज दाखल आहे वा मंजूर झाला आहे, एवढ्याने हद्दपारीपासून संरक्षण मिळत नाही, असे ऑगस्ट २०२५ मध्ये त्या विभागाने आपल्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट केले आहे.

प्रवासाला निघालेल्यांना आणखी एका बाबीचा विसर पडतो, ती म्हणजे टपाल. बोटांचे ठसे देण्याची तारीख किंवा मुलाखतीचे बोलावणे अमेरिकेतील पत्त्यावर येते. अर्जदार नगरला पाहुण्यांच्या पंगतीत आणि पत्र तिकडच्या पेटीत, असे झाले आणि तारीख न कळवता चुकली, तर केवळ गैरहजेरीमुळेही अर्ज त्यागलेला ठरू शकतो. पेटी उघडून पाहणारे विश्वासाचे कोणी तरी मागे हवे.

जी पत्नी वा पती अजून येथेच राहून वाट पाहत आहे, त्यांचे गणित वेगळे. आय-१३० अर्ज प्रलंबित असताना त्यांना जगात अन्यत्र कोठेही जायला आडकाठी नाही, कारण त्यांचा मार्ग मुंबईच्या दूतावासातून जातो. अडचण येते ती अमेरिकेलाच भेट द्यायची असते तेव्हा. पर्यटक व्हिसाच्या अर्जदाराचा तेथे कायम राहण्याचा हेतू आहे, असे अमेरिकी कायदा आधी धरून चालतो. तसा हेतू नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. पतीने पत्नीसाठी कायम वास्तव्याचा अर्ज केलेला असताना हे पटवणे किती अवघड, हे सांगायला नको. जोडीदार नागरिक नसून केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर वार्षिक संख्येची मर्यादा असल्याने प्रतीक्षा आणखी लांबू शकते. अशी कुटुंबे वर्षानुवर्षे दुभंगून राहतात म्हणून २००० साली अमेरिकी संसदेने ‘व्ही’ नावाचा व्हिसा निर्माण केला होता. पण २१ डिसेंबर २००० पर्यंत ज्यांचे अर्ज दाखल झाले होते, त्यांच्यापुरताच तो होता. त्यानंतर विवाह झालेल्यांच्या वाट्याला तो आला नाही.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही बंधने बरीच सैल होतात, पण एकदम नाही. ते मिळताना विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे आणि सशर्त असते. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ अर्ज करून विवाह टिकून असल्याचे पुन्हा दाखवावे लागते. त्या अर्जाची पोचपावती जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते, आणि मुदत उलटलेले कार्ड व ही पावती एकत्र दाखवून प्रवास करता येतो. मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीचा कर्मचारी कार्डावरची उलटलेली तारीख पाहून थबकतो, तेव्हा ती पावती सामानाच्या बॅगेत गेलेली नसावी.