रोल की कार्ड? (लेखांक ९) : आधी पाण्याचं बोलू

बाराबंद्या या आठवड्यात नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत बाराबंद्या घालून नंदीध्वजांबरोबर चालणारी ती पांढरीशुभ्र गर्दी, भर दुपारचं ऊन, आणि त्या पांढऱ्याचं रोल काय करतो नि सेन्सर काय करतो, हे आज सांगायचं ठरलं होतं. पण सोलापूरच्या पूर्व भागातून एक पत्र आलंय आणि त्याच्यापुढे बाराबंद्यांना थांबावं लागेल. पत्र चार ओळींचं आहे. ‘रोलचं कौतुक वाचतो. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, मे महिन्यात टाकीच्या पाण्यात हात घालवत नाही, आणि घरात यंत्रमाग आहे. रोल घरी धुवायचा कसा ते सांगा, नाहीतर डिजिटल घ्या म्हणून मोकळे व्हा.’

रोल चांगला की डिजिटल, हा वाद जिथे रंगला तिथे नळ चोवीस तास वाहतो आणि पाणी थंड असतं. म्हणून तिथली माणसं दाणा, टोन, लेन्स यांवर भांडत बसतात. सोलापुरात निवडीची सुरुवात छतावरच्या टाकीपासून होते.

कृष्णधवल रोलच्या डेव्हलपरबरोबर जो कागद येतो, त्यावरच्या वेळा बहुतेक २० अंश सेल्सिअसला धरलेल्या असतात. आपल्याकडे हा आकडा डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिसतो, मेमध्ये विसरायचा. पाणी तापलं की डेव्हलपर घाई करतो. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावी लागते. इलफोर्डचा एचपी ५ प्लस रोल आयडी-११ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं घेतो. तोच ३० अंशांना तीन मिनिटांच्या आत उरकतो. इथेच घोटाळा होतो, कारण पाच मिनिटांच्या आतलं डेव्हलपिंग एकसारखं होईल याची खात्री नसते. रोल धुण्याचा डबा भरायला-ओतायला वीस-पंचवीस सेकंद जातात आणि तीन मिनिटांत तेवढा फरक निगेटिव्हवर दिसतो. आकाशात पट्टे येतात.

जुने स्टुडिओवाले यावर बर्फ आणत. परातीत बर्फ, बर्फावर डेव्हलपरचा ट्रे, आणि काम पहाटे. मला बर्फ आवडत नाही. तो डेव्हलपरला थंड करतो, पण पुढचा हायपो, म्हणजे फिक्सर, आणि धुण्याचं पाणी गरमच राहतं. थंडातून गरमात एकदम गेलेल्या रोलवरचा जिलेटिनचा थर फुगतो, सुरकुततो आणि निगेटिव्हवर बारीक जाळी उमटते. एकदा उमटली की जात नाही. सगळी पाणी एकाच तापमानाला असणं हे थंड असण्यापेक्षा महत्त्वाचं.

मग करायचं काय? डेव्हलपर पातळ करायचा. हाच आयडी-११, एक भाग डेव्हलपर नि तीन भाग पाणी असा केला तर २० अंशांना वीस मिनिटं लागतात. ३० अंशांना तेच सातच्या आसपास येतं. सात मिनिटं सुखाची आहेत. दाणा जरा ठळक होईल, होऊ द्या. पहिला रोल मात्र लग्नाचा धुऊ नका, घरच्या मांजराचा धुवा.

आणि माठ. आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून माठ इथे मन लावून काम करतो. बाहेर ४२ अंश असताना चांगला झिरपणारा माठ पाणी पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्याला हे जमत नाही. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी अशा सगळ्या बाटल्या माठातल्या पाण्याच्या बादलीत तासभर ठेवायच्या, थर्मामीटर बुडवून आकडा बघायचा आणि त्या आकड्यावरून वेळ काढायची. मी उन्हाळ्यात दुसरी युक्ती वापरत नाही.

रंगीत रोलचं सगळं उलटं आहे. त्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांना लागतो, तोही सव्वातीन मिनिटं आणि काट्यावर. पाव अंशाचाही फरक तिथे चालत नाही. थंड देशातला हौशी माणूस त्यासाठी हीटर घेतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता काळी टाकी हे तापमान फुकट देते, कधी जास्तच देते. बादलीत ते पाणी घ्या, माठातलं थोडं मिसळून आकड्यावर आणा. मे महिन्यात घरी कृष्णधवलपेक्षा रंगीत सोपं, असं म्हणणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

आता किती पाणी, ते. हायपोनंतर रोल नळाखाली दहा मिनिटं धरायचा ही जुनी पद्धत. नळ मिनिटाला पाच लिटर सोडत असेल तर पन्नास लिटर गेले. आपल्या नळाच्या वेळापत्रकात एवढं पाणी एका रोलवर घालवलं तर घरात कॅमेरा राहणार नाही. इलफोर्डची पद्धत अशी : डबा भरा, पाच वेळा उलटासुलटा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. डब्यात सुमारे ३०० मिली मावतं, म्हणजे तीन डब्यांत एक लिटरही लागत नाही. सगळं धरून दोन लिटरांत रोल निघतो.

अट एकच आहे. हायपोमध्ये हार्डनर नको. तुरटीच्या वर्गातला हा पदार्थ जिलेटिन कडक करतो. गरम प्रदेशात तो मुद्दाम घालत, आणि त्यामुळेच रोल जास्त वेळ धुवावा लागे. म्हणजे उन्हाळा हार्डनर मागणार आणि पाणीटंचाई नको म्हणणार. ही कोंडी हल्लीच्या रोलनी सोडवली. चांगल्या कंपन्यांच्या रोलचा थर कारखान्यातच कडक करून येतो, ३० अंश तो सहज सोसतो. बिनहार्डनरचा रॅपिड फिक्सर घ्या आणि निर्धास्त राहा.

शेवटचा डबा मात्र बोअरच्या पाण्याचा भरू नका. ते जड असतं, वाळताना निगेटिव्हवर पांढरे ठिपके सोडतं. पिण्याच्या जारमधलं एक भांडं तेवढं बाजूला काढा.

राहिला माग. सुताचा तूस ओल्या रोलवर बसला की बसला. प्रिंटमध्ये तो केसाएवढा पांढरा दिसतो. न्हाणीघरात भिंती नि फरशी ओली करून, दार लावून, दाराच्या फटीवर ओलं फडकं टाकून रोल टांगावा, माग बंद असताना. चादर मात्र दाराला लावू नका. रोल डब्यात भरताना अंधारासाठी तिच्यासारखं काही नाही, पण वाळवायच्या खोलीत तिचाही तूस उडतो.

डिजिटलवाल्यांनी फार हसू नये. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते आणि आपण एप्रिल-मेमध्ये ती सर्रास ओलांडतो. सेन्सर दर सहा-आठ अंशांना दुपटीनं खवळतो, सावल्यांत रंगीत कण येतात, लांब व्हिडिओ घेताना कॅमेरा आपणहून बंद पडतो. पण पाणी लागत नाही, हे खरंच. पत्रलेखकाला माझं उत्तर : कृष्णधवल रोल घ्या नि घरी धुवा. रंगीतची खूप हौस असेल तर मे महिन्यात दुपारी करून बघा, एरवी रंगीत कामाला कार्ड वापरा. रंगीत रोल बाहेरगावी धुवायला पाठवायचा तर तो उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत शिजतो, त्यापेक्षा कार्ड बरं.

बाराबंद्या पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी दुपारी दोनला टाकीचं आणि माठाचं पाणी मोजून, भागाच्या नावासह दोन्ही आकडे कळवावेत. काळ्या टाकीचे आणि पांढऱ्या टाकीचे वेगळे लिहा.