गृहरक्षण आणि शेजारधर्म

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय उद्ध्वस्त केले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार नार्व्यास आणून जतन केले. इ. स. १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. भिंती पडल्या, तरी माणसांच्या दक्षतेने ठेवा राखला.

गृहरक्षणाचा मर्मही हाच. कुलूप चोरास अडवीत नाही, केवळ विलंब लावते; त्या अवधीत कोणीतरी जागे व्हावे लागते. व्यापाऱ्याच्या घरी तर उधारीच्या वह्या आणि परक्याची रक्कमही असते. तेथील चोरीने पेढीची पत जाते.

आपल्या चिरेबंदी भिंती भक्कम खऱ्या, परंतु कौले अलगद सरकविता येतात व परसदाराची कडी बहुधा दुबळी असते. यास्तव परसदारास आतून अडसर घालावा, कौलांखाली लोखंडी जाळी बसवावी. गोकुळाष्टमीस पंचगंगेच्या स्नानासाठी सारे कुटुंब निघाले, तर शेजाऱ्यास सांगून जावे. रोकड व वह्या एके ठिकाणी ठेवू नयेत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले, तरी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे चोरीबद्दल बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पटींपुरतेच असते. सबब विमा निराळा उतरावा. चोरी झालीच, तर कशासही हात न लावता ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे.

कुलूप, जाळी, विमा ही साधने द्रव्याने मिळतात. शेजाऱ्याची जागती नजर मात्र आपण त्याच्या दाराकडे लक्ष ठेवू, तेव्हाच आपल्या दारास लाभेल.