बोटांची नजर

रात्री अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर तुम्ही दिव्याचे बटण कसे शोधता? भिंतीवरून हात फिरवता. बोटांना बटण लागते आणि दिवा पेटतो. संगणकाच्या कळफलकावर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. त्यामुळे टंकलेखन करणाऱ्याला खाली पाहावे लागत नाही. म्हणजे बोटांनाही एक प्रकारची नजर असते!

मोटार चालवणाऱ्याला या नजरेचा फार उपयोग होतो. त्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि बोटे बटणे शोधतात. पण अनेक नव्या मोटारींत बटणांच्या जागी काचेचा सपाट पडदा आला आहे. त्याला ‘टचस्क्रीन’ म्हणतात. अमेरिकेतील ब्युइक रिव्हिएरा या मोटारीत असा पडदा १९८६ सालीच बसवला होता. पडद्याचे फायदेही आहेत. एकाच पडद्यावर नकाशा, गाणी, पंखा अशी कितीतरी कामे होतात. परंतु सपाट काचेवर बोटांना खूण सापडत नाही. म्हणून चालकाला रस्त्यावरची नजर काढून पडद्याकडे पाहावे लागते.

यात धोका कोणता? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तेवढ्यात एखादे मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले तर?

२०२२ साली स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मासिकाने एक चाचणी घेतली. मोटारी ताशी ११० किलोमीटर वेगाने चालवल्या. चालकांना रेडिओ लावणे, आसन गरम करणे अशी चार साधी कामे सांगितली. बटणे असलेल्या २००५ सालच्या जुन्या मोटारीत ती १० सेकंदांत झाली. तेवढ्यात मोटार ३०६ मीटर गेली. पडदा असलेल्या एका नव्या मोटारीत मात्र सुमारे ४५ सेकंद लागले. ती मोटार तोवर १३७२ मीटर गेली होती!

युरोपात ‘युरो एनकॅप’ ही संस्था नव्या मोटारींची सुरक्षितता तपासते. वळण्याची खूण करणारे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक यांसाठी बटण किंवा दांडी नसेल, तर २०२६ पासून तेथे मोटारीचे गुण कमी होतात.

उभ्या मोटारीत नकाशा पाहायला पडदा चांगला. पण धावत्या मोटारीत पावसाची सर आली, तर वायपर लावायला दांडीच बरी. तुम्ही मोटारीत किंवा बसमध्ये बसाल, तेव्हा चालकाकडे नीट पाहा. कोणती कामे तो न बघता करतो?

स्वाध्याय
१. ‘बोटांनाही नजर असते’ असे लेखात का म्हटले आहे?
२. टचस्क्रीनचा एक फायदा व एक तोटा लिहा.